चार्जिंगचा लाल दिवा लागला म्हणून लगेच बॅटरी घ्यायला पळू नका (डायनॅमोवाल्या गाड्यांसाठी, घरच्या घरी तपासणी)

ठाण्यातला घोडबंदर रोड, कापूरबावडीच्या अलीकडे, रात्रीचे साडेनऊ, पाऊस असा की वायपर नुसता पाणी इकडून तिकडे ढकलतोय. आणि डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा हळूहळू उजळायला लागला. हेडलाईट पिवळी पडत गेली, वायपर अर्ध्यात थांबायला लागला, बायको म्हणाली "मी आधीच म्हटलं होतं रिक्षाने जाऊया". माजिवड्याच्या पुलाखाली गाडी बंद पडली ती पडलीच.

गाडी म्हणजे वडिलांची प्रीमियर पद्मिनी, १९७८ ची, अजून मूळ डायनॅमोवरच आहे (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र, नंतरच्या गाड्यांत त्याच्या जागी अल्टरनेटर आला). त्या पावसाळ्यात मी दोन बॅटऱ्या घेतल्या. हो, दोन. पहिली बसली तेव्हा दुकानदार म्हणाला बॅटरीच खराब, दुसरी बसली तेव्हा एक मिस्त्री म्हणाला डायनॅमो गेला, काढून टाका, अल्टरनेटर लावा, आणि आकडा असा सांगितला की मी घरी येऊन आधी चहा घेतला. शेवटी जे निघालं ते एक स्क्रू आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा एवढ्यात मिटलं. ते काय होतं ते खाली ओघात येईलच, पण त्या भानगडीत मला चार्जिंगची सगळी तपासणी पहिल्यापासून शिकावी लागली, ती इथे लिहून ठेवतोय. पद्मिनी, ॲम्बेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड, जुनी मॉरिस, ज्यांच्याकडे डायनॅमो आहे त्यांना थेट लागू. अल्टरनेटरवाल्यांसाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलंय.

अजून एक कारण आहे लिहायचं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओला २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सी गेल्या तसे त्या गाड्यांचे वायरमनही गेले. पूर्वी कुठल्याही नाक्यावर कटआऊट (डायनॅमो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा डबा) उघडून बसलेला माणूस दिसायचा, आता वागळे इस्टेटला शोधत फिरावं लागतं. म्हणून निदान रोग कुठला ते तरी आपल्याला कळायला हवं.

आधी दिव्याचं गणित

हे कळलं तर अर्धं काम झालं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चार्जिंगच्या लाल दिव्याच्या एका टोकाला बॅटरीचा करंट येतो (किल्लीतून), आणि दुसरं टोक डायनॅमोच्या मोठ्या टर्मिनलला जातं. लुकास या इंग्लिश कंपनीच्या मालावर त्याला 'डी' लिहिलेलं असतं, इटालियन पद्धतीच्या मालावर '५१'. छोटं टर्मिनल फिल्डचं (डायनॅमोच्या आत चुंबकत्व तयार करणाऱ्या कॉइलचं), तिथे 'एफ' किंवा '६७'. दिवा लागतो तो दोन टोकांमध्ये फरक असला की. किल्ली फिरवली, इंजिन बंद, बॅटरीकडे १२ व्होल्ट आणि डायनॅमोकडे शून्य, फरक १२ चा, दिवा लख्ख. इंजिन चालू झालं, डायनॅमो १३ च्या वर गेला, कटआऊट आतून चिकटला, दोन्हीकडे सारखा व्होल्टेज, दिवा बंद. म्हणजे दिवा 'चार्जिंग होतंय' असं काही सांगत नाही, तो फक्त फरक दाखवतो.

आता यावरून वाचायचं कसं:

किल्ली फिरवली आणि दिवा लागलाच नाही, तर बल्ब उडालाय, किंवा वायर तुटलीय, किंवा डायनॅमोचे कार्बन (आतल्या फिरत्या भागावर घासणारे ब्रश) टेकत नाहीयेत. आयडलिंगला दिवा फडफडतो आणि जरा रेस दिली की जातो, तर काही झालेलं नाही, डायनॅमो आयडलिंगला चार्ज करतच नाही, त्याचा स्वभावच तो. गाडी पळतेय तरी दिवा अगदी मंद पेटलेला आणि हेडलाईट लावली की थोडा वाढतो, तर कटआऊटचे पॉइंट किंवा तिथून पुढच्या जोडण्या मळल्यात, मध्ये व्होल्ट गळतायत. दिवा लागलेलाच आहे, रेस दिली तरी फरक नाही, तर डायनॅमो काही बनवत नाहीये किंवा पट्टा गेलाय. आणि शेवटचा प्रकार, जो माझ्याकडे होता: रेस वाढवली की दिवा *जास्त* लाल होतो. हा नीट लक्षात ठेवा, कारण याचा अर्थ बहुतेक लोक उलटा लावतात.

सामान

एक डिजिटल मल्टिमीटर, चार-पाचशेचा चालेल. फक्त स्वस्त मीटर इग्निशनच्या वायरींजवळ वेडे होतात, आकडे नाचतात, तेव्हा प्लगच्या वायरींपासून लांब धरा. जुना काट्याचा मीटर असेल तर डायनॅमोसाठी तोच बरा, काटा कसा चढतो ते डोळ्यांना दिसतं. बाकी हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी), दोन्ही टोकांना चिमटे लावलेली हातभर वायर, पाने, बारीक काचपेपर, जुना टूथब्रश, खाण्याचा सोडा.

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याने बॅटरीचा प्लस आणि बॉडी एकत्र आली तर पाना लाल होतो, मध्ये अंगठी असेल तर पुढचं सांगायला नको. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी काढायचा आणि लावताना शेवटी लावायचा (जुन्या पॉझिटिव्ह अर्थवाल्या इंग्लिश गाड्यांना उलटं, जे टोक बॉडीला ते आधी). चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे विडी-सिगरेट लांब. आणि इंजिन चालू ठेवून काम करायचंय, तर सोसायटीच्या बेसमेंटमध्ये नको, वर उघड्यावर आणा. आमचा वॉचमन रविवारी सकाळी मला गेटजवळची जागा राखून ठेवतो, त्याला आता सवय झालीय.

पहिलं काम: बॅटरी खरंच मेलीय की उपाशी आहे

उतरलेल्या बॅटरीवर चार्जिंगची कुठलीच टेस्ट खरी येत नाही. त्यामुळे आधी ती बाहेर काढून चार्जरवर रात्रभर ठेवा किंवा दुकानात चार्जिंगला द्या, मग मोजा. चार्जिंगनंतर लगेच मोजलं तर वरवरचा फुगलेला आकडा येतो, दोन मिनिटं हेडलाईट लावा, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग मीटर लावा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे तळाला आलेली. साडेदहाच्या आसपासच अडकली असेल तर एक सेल मेलाय, ती बॅटरी गेली, तिच्यावर अजून वेळ घालवू नका.

पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही सेल बघा. आकडा किती यापेक्षा सहा सेल एकमेकांच्या जवळ आहेत का हे महत्त्वाचं, पाच सेल १.२५० ला आणि एक १.१८० ला असेल तर तोच चोर. मग सेल्फ (स्टार्टर) मारताना मीटर बॅटरीवर ठेवा, सेल्फ फिरत असताना साडेनऊच्या खूप खाली कोसळत असेल तर बॅटरीत दम नाही (किंवा सेल्फ जाम आहे, पण तो वेगळा विषय).

माझ्या दोन्ही बॅटऱ्या या टेस्टला पास झाल्या असत्या. कोणी केलीच नाही. पहिली अजून घरच्या इन्व्हर्टरला लावलेली आहे, चालतेय बिचारी.

दुसरं काम: डोळे आणि हात

पट्टा बघा. दोन पुलीच्या मधल्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच आत जायला हवा. जास्त जातो तर घसरतो, रेस दिल्यावर किंवा पावसात किंचाळतो. पण ढिला आहे म्हणून खेचून तारेसारखा ताठ करू नका, त्याने डायनॅमोच्या पुढच्या बेअरिंगची आणि मागच्या बुशची वाट लागते. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चमकत असतील, किंवा पट्टा झिजून पुलीच्या तळाला टेकत असेल तर बदला, व्ही पट्टा कडांवर पकडतो, तळावर नाही. लुकासच्या डायनॅमोला मागच्या बाजूला तेलाचं भोक असतं, सर्व्हिसिंगला तिथे इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब टाकायचे. दोन-तीन म्हणजे दोन-तीनच, जास्त झालं की तेल आत कार्बनवर जातं.

मग बॅटरीचे लग (खांबांवर बसणारी वायरीची टोकं). वरून चकचकीत दिसतात आणि आत पांढरा-हिरवा थर. काढा, सोड्याच्या पाण्याने धुवा (पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका), घासा, लावा, वरून पेट्रोलियम जेली. आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस, कोपरी-कळव्याकडे राहणाऱ्यांच्या गाड्यांचे लग दर मोसमात बघावेतच.

त्यानंतर अर्थिंग, म्हणजे करंटचा बॉडीतून बॅटरीकडे परत जायचा रस्ता. बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी, आणि बॉडी ते इंजिन अशी जाळीची पट्टी असते. इंजिन रबरी माऊंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे ही पट्टी तुटली की इंजिनला अर्थ मिळायचा दुसरा रस्ता चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून. सेल्फ मारल्यावर चोकची वायर गरम लागली की समजून जा, अजून काही मोजायला नको. या पट्टीचे धागे मधूनच तुटतात, वरून दिसत नाही, वाकवून बघा.

तिसरं काम: गाडी चालू करून आकडे

मीटर २० व्होल्ट डीसीवर, बॅटरीच्या थेट शिशाच्या खांबांवर, लगवर नाही. गाडी चालू, सगळे दिवे बंद. आयडलिंगला १२.४-१२.६ दिसलं तर घाबरू नका. रेस हळूहळू वाढवा, मध्यम रेसला आकडा चढून साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये कुठेतरी थांबायला हवा. थांबायला हवा हे महत्त्वाचं. मग हेडलाईट लावा, वायपर लावा, तीच रेस ठेवा, तेराच्या वर राहिलं तर उत्तम.

तीन शक्यता. आकडा हललाच नाही, १२ च्या घरातच: चार्जिंग नाही, पुढे वाचा. आकडा १५ च्या वर पळतोय: ओव्हरचार्ज, त्याचं वेगळं लिहिलंय. आकडा बरोबर आहे पण बॅटरी तरी उतरते: एक तर रात्री कुठेतरी गळती आहे, नाहीतर तुमचा खर्च कमाईपेक्षा जास्त आहे.

चौथं काम: डायनॅमो दोषी की निर्दोष

ही सगळ्यात छान टेस्ट आहे, पाच मिनिटांत निकाल. डायनॅमोवरच्या दोन्ही वायरी काढा, कुठली कुठे होती त्यावर चिकटपट्टी लावून ठेवा, त्यांची टोकं बॉडीला लागणार नाहीत अशी बाजूला करा. आता डी आणि एफ ही दोन टर्मिनल्स आपल्या चिमट्याच्या वायरने एकत्र जोडा. मीटरचं एक टोक या जोडावर, दुसरं डायनॅमोच्या बॉडीवर, रंग खरवडून स्वच्छ केलेल्या जागी. गाडी आयडलिंगला चालू करा आणि रेस अगदी हळू चढवा. धडधाकट डायनॅमोचा आकडा पायरीपायरीने नाही तर सरसर चढतो, हजार आरपीएमच्या आसपास २० व्होल्टपर्यंत पोचतो. २० ला पोचला की लगेच रेस सोडा, इथे व्होल्टेज आवरायला रेग्युलेटर नाहीये, अजून रेस दिलीत तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग) जाळाल.

काहीच आकडा नाही, तर कार्बन बघा, झिजलेत किंवा अडकलेत. अर्धा ते एक व्होल्टवर थांबला, तर फिल्ड कॉइलचा घोळ आहे, लोखंडात उरलेल्या चुंबकावर तेवढंच बनतंय. चार-पाच व्होल्टवर थांबला, तर आर्मेचर. फिल्ड मीटरवर पण मोजता येतं, एफ टर्मिनल ते बॉडी, लुकासच्या नेहमीच्या १२ व्होल्टच्या डायनॅमोला साधारण ६ ओहम येतो, शून्याजवळ आला तर शॉर्ट, काहीच आला नाही तर तुटलेली.

एक इशारा: ही जोडणी लुकास आणि फियाट घराण्याच्या डायनॅमोसाठी आहे. जुन्या विलीज जीपसारख्या अमेरिकन मालाची फिल्ड उलट्या बाजूने चालते, तिथे एफ बॉडीला द्यावा लागतो, ही टेस्ट तिथे करू नका.

कार्बनचा प्रॉब्लेम असेल तर तो घरी होतो. मागचं झाकण काढा, कार्बन खाचेत सहज वरखाली सरकतात का बघा, नाही तर पेट्रोलच्या फडक्याने पुसा. आर्मेचरच्या तांब्याच्या पट्ट्या (कम्युटेटर) काळ्या झाल्या असतील तर पेट्रोलचं फडकं, त्याने नाही गेलं तर बारीक काचपेपर. एमरी पेपर इथे कधीच नाही, त्याचे कण वीज वाहतात आणि पट्ट्यांच्या फटींमध्ये अडकून शॉर्ट करतात. फटींमधला अभ्रक तांब्याच्या पातळीला आला असेल तर तो खाली खरवडावा लागतो, करवतीच्या पात्याचा तुकडा घासून बारीक करून करतात, पण ते काम हातात सफाई असेल तरच. आर्मेचर किंवा फिल्ड गेली असेल तर रिवाइंडिंग, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून घेणं. वागळे इस्टेटला मोटर रिवाइंडिंगवाले आहेत, त्यातला जुना माणूस गाठा ज्याने डायनॅमो केलेत, पंख्याच्या मोटरवाल्याकडे टाकू नका. सुटे कार्बन, बुश, कटआऊट यासाठी अजूनही मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याच्या फेऱ्या.

रिवाइंडिंगनंतर किंवा गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर डायनॅमोला 'पोलॅरिटी' द्यावी लागते. म्हणजे एफची वायर कटआऊटकडून काढायची आणि ते सुटं टोक बॅटरीच्या लाईव्ह खांबाला (निगेटिव्ह अर्थ गाडीत प्लसला) क्षणभर टेकवायचं, दोन-तीनदा, छोटी ठिणगी पडते. याने आतल्या लोखंडाला चुंबकत्वाची दिशा मिळते. हे न करता जोडलं आणि डायनॅमो उलटा बनवायला लागला तर कटआऊटचे पॉइंट चिकटून वितळतात.

माझा डायनॅमो? वीस व्होल्ट, फटाफट. निर्दोष. म्हणजे तो काढून अल्टरनेटर लावला असता तर चांगला डायनॅमो भंगारात गेला असता.

पाचवं काम: वायरी आणि कटआऊटचा डबा

डायनॅमो ठीक असेल तर वायरी परत जशाच्या तशा लावा आणि गाडी चालू, मध्यम रेस, कोणाला तरी ॲक्सिलरेटरवर बसवा (माझ्याकडे मुलगी बसते, दहावीत आहे, फिजिक्सचा अभ्यास म्हणून तिला पटवली). आता कटआऊटच्या डब्यावर मोजायचं. आपल्याकडे मिस्त्री लोक पूर्ण डब्यालाच कटआऊट म्हणतात, खरं म्हणजे आत दोन किंवा तीन वेगळे भाग असतात: कटआऊट, जो डायनॅमो पुरेसा व्होल्टेज बनवेपर्यंत त्याला बॅटरीपासून तोडून ठेवतो आणि साधारण १३ च्या आसपास जोडतो, आणि रेग्युलेटर, जो फिल्डचा करंट कमी-जास्त करून व्होल्टेज आवरतो. काही डब्यांत करंट आवरणारा तिसरा भाग.

डब्याच्या डी टर्मिनलवर किती आणि बॅटरीकडे जाणाऱ्या टर्मिनलवर किती ते बघा. डीवर काहीच नाही तर डायनॅमो ते डबा वायर तुटली. दोन्हीकडे जवळपास सारखं आणि बॅटरीवर कमी, तर डबा ते बॅटरी वायरीत गळती.

माझे आकडे आले असे: डीवर १९ आणि थोडं वर, बॅटरीच्या बाजूला १२.१.

मी आधी मीटरवर शंका घेतली. मग दिव्याचं गणित आठवलं. एका बाजूला १९, दुसऱ्या बाजूला १२, फरक सातचा, आणि रेस दिली की डायनॅमो अजून चढणार, फरक अजून वाढणार, दिवा अजून लाल. म्हणजे दिवा लागतोय तो डायनॅमो बनवत नाही म्हणून नाही, तो जरुरीपेक्षा जास्त बनवतोय आणि ते बॅटरीपर्यंत पोचतच नाहीये म्हणून. पण मग कटआऊट चिकटत का नाही, आणि रेग्युलेटर आवरत का नाही? दोघं एकाच वेळी मेले?

दोघांच्या कॉइलमध्ये एक गोष्ट सामाईक असते, ती म्हणजे अर्थ. माझ्या गाडीत ती डब्याच्या स्क्रूमधून बॉडीला जाते. मीटर ओहमवर लावला (गाडी बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढून), एक टोक डब्याच्या पत्र्यावर, एक बॅटरी निगेटिव्ह जिथे बॉडीला लागतो तिथे. आकडाच नाही. डबा जरा हलवला, आकडा आला. सोडला, गेला. मे महिन्यात गाडीचं डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं, बॉनेटखाली पण मस्त मूळ रंग मारून घेतला होता हौसेने, आणि रंगाऱ्याने डबा काढून खाली जाड दोन हात मारून परत बसवला. स्क्रूच्या भोकातसुद्धा रंग. खड्ड्यात गाडी आदळली की स्क्रू टेकायचा, चार्जिंग व्हायचं, पुढच्या खड्ड्यात सुटायचं, म्हणून मिस्त्रीकडे नेली की कधी सगळं व्यवस्थित दिसायचं. रंग खरवडला, पत्रा उघडा पडला, दातेरी वॉशर टाकला, स्क्रू आवळला, थोडं ग्रीस. डीवर १४.१, बॅटरीवर १३.९. झालं.

म्हणून अर्थची टेस्ट सगळ्यांनी करा, आणि ती करंट वाहत असताना करा. ओहममध्ये बरोबर दिसणारी जोडणी सुद्धा लोड आल्यावर व्होल्ट खाते. गाडी मध्यम रेसला, हेडलाईट चालू, मीटर व्होल्टवर: डायनॅमोची बॉडी ते बॅटरीचा निगेटिव्ह खांब, ०.२ च्या आत यायला हवं. डब्याचा पत्रा ते निगेटिव्ह खांब, जवळपास शून्य. डायनॅमोचा डी ते बॅटरीचा प्लस, अर्ध्या व्होल्टच्या आत. कुठे जास्त आलं तर त्याच तुकड्यात एक एक जोड मागे सरकत या, चोर सापडतो.

अर्थ पण ठीक आणि डीवर व्होल्टेज आहे पण कटआऊट जोडत नाही, तर झाकण उघडून पॉइंट बघा. कटआऊटचे पॉइंट मऊ असतात, ते फक्त बारीक काचपेपरने. रेग्युलेटरचे पॉइंट कडक, त्यांना सिलिकॉन कार्बाइडचा बारीक पेपर चालतो. मग स्पिरिटच्या फडक्याने पुसा. स्प्रिंगच्या पट्ट्या वाकवून सेटिंग करायला जाऊ नका, ते बॅटरी तोडून, ठरलेल्या तापमानाला, कंपनीच्या मॅन्युअलचे आकडे बघून करायचं काम आहे आणि अर्ध्या मिनिटात उरकायचं असतं कारण कॉइल तापली की आकडा बदलतो. इंजिन बंद असताना कटआऊट बोटाने दाबून तर कधीच बघू नका, अख्खी बॅटरी उलटी डायनॅमोत धावते. तो तसा चिकटून बसला असेल (गाडी बंद केली तरी डायनॅमो गरम, वायरीचा वास) तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह उपटा, बाकी नंतर.

ओव्हरचार्ज

बॅटरीचं पाणी दर पंधरा दिवसांनी कमी, झाकणांभोवती ओल, आंबूस वास, बल्ब सारखे उडतायत. आकडा १५ च्या वर. इथेही पहिला संशय रेग्युलेटरच्या अर्थवरच, अर्धवट अर्थ असेल तर कटआऊट जोडतो पण रेग्युलेटर उशिरा आवरतो. अर्थ चांगली असेल तर डी आणि एफच्या वायरी कुठे एकमेकींना टेकल्यात का, इन्सुलेशन कुरतडलंय का ते बघा, उंदरांचं प्रमाण आपल्या पार्किंगमध्ये काही कमी नाही. ते पण नसेल तर रेग्युलेटर बदला.

रात्रीत उतरणारी बॅटरी

निगेटिव्ह काढा, मीटर १० ॲम्पियरच्या खाचेत लावून लग आणि खांबाच्या मध्ये जोडा. किल्ली बंद, दारं बंद. या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. जुन्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स नाही, आकडा शून्याजवळच हवा, नंतर लावलेला स्टिरिओ असेल तर थोडासा. पाव-अर्धा ॲम्पियर दिसला तर एक एक फ्यूज काढत जा. फ्यूज सगळे काढले तरी आकडा तोच, तर कटआऊटच्या डब्याची बॅटरीकडची वायर काढून बघा. एका ओळखीच्याच्या ॲम्बेसेडरमध्ये डिकीतला दिवा झाकण बंद केलं तरी लागलेला राहायचा, मुलाला मोबाईलचा कॅमेरा चालू करून डिकीत ठेवल्यावर कळलं (मोबाईलला, मुलाला नाही).

अल्टरनेटर असेल तर

पट्टा, लग, अर्थ, व्होल्ट गळती, हे सगळं तसंच. फरक एवढाच की आयडलिंगलाही साडेतेराच्या वर आकडा यायला हवा, नाही आला तर सबबी नाहीत. इथे लाल दिव्याचा बल्ब उडाला तर बऱ्याच गाड्यांत चार्जिंगच सुरू होत नाही, कारण सुरुवातीचा फिल्ड करंट त्याच बल्बमधून जातो, तेव्हा आधी बल्ब बघा. मीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीवर मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायोड गेलाय. किल्ली काढल्यावरही दिवा मंद पेटलेला दिसला तर तेच. चालू गाडीत बॅटरीचा लग काढून 'बघू चालते का' ही जुन्या मिस्त्री लोकांची टेस्ट अल्टरनेटरवर कधीच होऊ देऊ नका, डायोड आणि रेग्युलेटर क्षणात उडतात. पोलॅरिटी वगैरे पण द्यायची नसते.

सगळं ठीक तरी बॅटरी का उतरते

आता हिशोब. त्या काळच्या डायनॅमोची कमाल साधारण १६ ते २२ ॲम्पियर, ती पण गाडी पळताना. रात्री पावसात घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये उभे आहात असं धरा. डिपरवर ४० वॅटचे दोन बल्ब, साडेसहा-सात ॲम्पियर. टेल, पार्किंग, नंबरप्लेट, मीटरचे दिवे मिळून अडीच. इग्निशन कॉइल तीन-चार. वायपर दोन-तीन. आणि पाय ब्रेकवर दाबून बसलात तर २१ वॅटचे दोन ब्रेकलाईट, अजून साडेतीन. झाले अठरा-वीस. कमाई त्या वेळी शून्य. तासभर असं उभं राहिलं तर चाळीस एएचच्या (ॲम्पियर-तासांच्या) बॅटरीतली जवळपास अर्धी गेली. त्यात कोणी हौसेने १००/९० चे बल्ब टाकले असतील तर नुसते तेच १५-१६ ॲम्पियर, त्यांना कुठला डायनॅमो पुरणार, आणि ते रस्त्यावर कायदेशीर पण नाहीत.

मी काय केलं: थांबलो की हॅन्डब्रेक, ब्रेकवरून पाय काढायचा. मागचे आणि मीटरचे बल्ब १२ व्होल्टचे एलईडी (चार्जिंगचा लाल दिवा मात्र जुना फिलामेंटचाच ठेवलाय). हेडलाईटला रिले आणि बॅटरीपासून थेट जाड वायर, त्याने डायनॅमोचा बोजा कमी होत नाही पण स्विचमध्ये गळणारे व्होल्ट वाचतात आणि उजेड चांगला वाढतो. जे रोज गाडी रात्री चालवतात, एसी बसवलाय, त्यांनी खुशाल अल्टरनेटर करावा, मी काही सोवळं पाळत नाही. रविवारी उपवन आणि येऊरच्या पायथ्यापर्यंत जाणाऱ्याला मूळ डायनॅमो भरपूर झाला.

ग्लव्ह बॉक्समध्ये आता एक वहीचं पान ठेवलंय, दर तीन महिन्यांनी रविवारी सकाळी मोजून लिहितो. शेवटची ओळ मुलीच्या अक्षरात आहे: उभी १२.६, आयडलिंग १२.५, मध्यम रेस १४.०, हेडलाईट लावून १३.६, अर्थ ०.०८, पट्टा ठीक, बाबांनी पाना इंजिनवर विसरला होता.